नागपुरात सेकंड हँड गाडी घेताना: रोजच्या वापराची, कमी पेट्रोल पिणारी गाडी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बजेट साडेतीन लाखांचं आहे. सगळे पैसे गाडीतच घालायचे का?

नाही. साडेतीन लाख हातात असतील तर तीन लाखांच्या गाड्या बघा. उरलेले पन्नास हजार पहिल्या तीन महिन्यांत कुठे ना कुठे लागतातच. विकणारा माणूस विकायच्या आधी टायर बदलत नाही, क्लच टाकत नाही, बॅटरी घेत नाही. ती कामं तुमच्यासाठी ठेवलेली असतात.

छोट्या पेट्रोल गाडीचे चार टायर साधारण १२ ते १६ हजारांना पडतात. क्लच सेट मजुरीसह ६ ते ९ हजार, बॅटरी ४ ते ५ हजार, आणि पुढचे शॉकअप, लिंक रॉड, बुश (चाकांकडचे धक्के सोसणारे भाग) एकदम निघाले तर ८ ते १२ हजार. शिवाय सर्व्हिसिंग आणि विमा. म्हणून दोन गाड्या समोर असतील तर त्यांची किंमत एकमेकींशी लावू नका, ‘किंमत अधिक उरलेली कामं’ असा आकडा काढून मग तुलना करा. पावणेतीन लाखांची गाडी अशा हिशोबात तीन-वीसला जाते आणि तीन लाखांची गाडी तीन-दहावर थांबते, असं पुष्कळदा होतं.

‘ॲव्हरेज’ जास्त देणारी गाडी घेतली की झालं ना?

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, पण हिशोब करून बघा. महिन्याला ८०० किलोमीटर चालवणार आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं, तर १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी महिन्याला सुमारे ५,६०० रुपयांचं पेट्रोल पिते. १८ देणारी ४,६७० चं. फरक ९३० रुपये, वर्षाला अकरा हजारांच्या आसपास. त्या तीन किलोमीटरसाठी साठ हजार जास्त मोजले तर ते वसूल व्हायला पाच वर्षांवर काळ जातो.

रोज बुटीबोरी किंवा मिहानला ये-जा असेल तर महिन्याला १,५०० किलोमीटर सहज होतात आणि हाच फरक दुप्पट होतो. तेव्हा ॲव्हरेजला महत्त्व द्यावं. पण धरमपेठेतून सिताबर्डी आणि परत, एवढाच वापर असेल तर मॉडेलच्या ॲव्हरेजपेक्षा गाडीची तब्येत जास्त पैसे वाचवते. हवा कमी असलेले टायर, चिकटलेला ब्रेक, काळा पडलेला एअर फिल्टर आणि जीर्ण स्पार्क प्लग एकत्र आले की २१ ची म्हणून घेतलेली गाडी १२ वर येते.

कंपनी २१-२२ सांगते. नागपुरात प्रत्यक्षात किती पडतं?

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो. २०१९ नंतरच्या वॅगन आर १.० पेट्रोलचा तो आकडा २१.७९ आहे. गावात, एसी लावून, सिग्नल खात तीच गाडी १४ ते १७ देते. वर्धा रोडने ८०-९० च्या वेगात १९-२० पर्यंत जाते. मे महिन्यात एसी सतत पूर्ण जोरात असतो, तेव्हा आणखी एक-दीड किलोमीटर वजा धरा.

विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. घेतल्यावर स्वतः मोजा. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, ३०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा नोझल बंद होईपर्यंत भरा. ३१२ किलोमीटरला १९.८ लिटर बसलं तर ॲव्हरेज सुमारे १५.८. एकदा मोजून समाधान मानू नका. दोन-तीन टाक्यांची सरासरी खरी.

मग नेमक्या कोणत्या गाड्या बघाव्यात?

नागपुरातल्या बहुतेक चौकोनी कुटुंबांना २०१८ ते २०२१ मधली वॅगन आर किंवा टियागो पेट्रोल पुरून उरते, हे आमचं स्पष्ट मत. आता एकेका गाडीबद्दल:

ऑल्टो ८०० मध्ये ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, कुठल्याही मिस्त्रीला ती उघडता येते. एकट्या-दुकट्याला उत्तम. पण चार जण बसवून मे महिन्यात एसी लावून उड्डाणपूल चढा, म्हणजे तिची मर्यादा कळेल. थोडे पैसे जास्त घालून ऑल्टो के-१० घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

वॅगन आर जानेवारी २०१९ ला नव्या रूपात आली, १.० आणि १.२ अशा दोन इंजिनांत. उंच सीट असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना चढा-उतरायला सोपी. खड्ड्यातून जाताना पुढून ‘खडखड’ आली तर लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड बघा. मोठा खर्च नाही, पण भाव पाडायला मुद्दा मिळतो.

टियागोचा पत्रा जाड लागतो आणि २०२० साली ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी ४ तारे मिळाले. वॅगन आरला त्याच संस्थेच्या चाचणीत इतके मिळालेले नाहीत. टियागोचा दुसरा फायदा असा की पुनर्विक्रीला तिचा भाव मारुतीपेक्षा जास्त घसरतो. विकणाऱ्याचं नुकसान, घेणाऱ्याचा फायदा. तीन सिलिंडरचं इंजिन असल्यामुळे उभ्या गाडीत थोडी थरथर असतेच, मात्र स्टिअरिंग आणि सीटपर्यंत जोरात पोचत असेल तर इंजिन माउंटिंग गेलेलं आहे.

ग्रँड आय-१० चं १.२ चार सिलिंडर इंजिन शांत, आतली सजावट नीटस, एसी जोरदार. गावात ॲव्हरेज मारुतीपेक्षा एक-दोनने कमी. उभ्या गाडीत स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवून ‘टकटक’ येते का ऐका. कॉलममधलं छोटं रबर कपलिंग झिजलेलं असतं. पार्ट स्वस्त, मजुरी जास्त.

स्विफ्ट आणि डिझायर पेट्रोल चांगल्याच आहेत, पण त्यांचा भाव इतका चढा असतो की त्याच पैशात दोन वर्षं नवी टियागो मिळते. अमेझ पेट्रोलचं इंजिन दीर्घायुषी, डिक्की मोठी, पण उंच स्पीडब्रेकरवर पोट घासतं. क्विड दिसायला उंच आणि घ्यायला स्वस्त, मात्र मोहल्ल्यातल्या मिस्त्रीला ती विचारून घ्या. फोर्ड फिगो? फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. तुमचा नेहमीचा मेकॅनिक फोर्डचा जाणकार असेल तरच.

डिझेल घ्यावी का?

महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटरच्या खाली वापर असेल तर नको. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाचे नवे निकष पाळणाऱ्या) डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं धावावी लागते. रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो तुंबतो, दिवा लागतो, आणि बदलायचा म्हटलं की पेट्रोल गाडीच्या मानाने वाचवलेले सगळे पैसे जातात. जुन्या बीएस-४ डिझेलमध्ये हा फिल्टर सहसा नाही, पण इंजेक्टर आणि टर्बोचं वय झालेलं असतं.

सीएनजी परवडते का?

नागपुरात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. २०२२ मध्ये इथे सीएनजी किलोला १२० रुपयांवर गेला होता आणि लोकांनी किट असूनही पेट्रोलवर गाड्या चालवल्या. म्हणून आधी तुमच्या रस्त्यावरच्या पंपावर जाऊन आजचा भाव आणि रांग बघा, मग हिशोब मांडा. समजा भाव ९० आहे आणि गाडी किलोला २२ किलोमीटर देते, तर किलोमीटरला ४ रुपये १० पैसे. पेट्रोलवर १५ च्या ॲव्हरेजने ७ रुपये. भाव १२० झाला तर किलोमीटरला साडेपाच रुपयांच्या जवळ. फरक निम्म्यावर येतो.

कंपनीने बसवलेलंच किट घ्या. बाहेरून बसवलेलं असेल तर आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं नोंदवलेलं हवं, नाहीतर अपघातात विमा कंपनी बोट दाखवते. टाकीची दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते, तिची पट्टी आणि प्रमाणपत्र मागा. ६० लिटरच्या टाकीत ८-९ किलो गॅस बसतो, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आत पुन्हा पंप शोधायचा. आणि डिक्की गेली, हे लग्नसराईत कळतं.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीला चालतं का?

इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. म्हणजे १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेल्यावर ॲव्हरेज तीन टक्क्यांच्या आसपास उतरणं हे साधं गणित आहे. १६ देणारी गाडी साडेपंधरा देईल. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या इंधनासाठी बनवलेल्या पार्टसह येतात. त्याआधीच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप, टाकीतल्या पंपाची सील आणि फिल्टर बघून घ्या. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर पाइप बदलूनच टाका. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल तर टाकीत ओलावा धरतो, तिला जास्त जपावं लागतं.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखायची?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउटपासून कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगरपर्यंत घरांत आणि बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. शेकडो गाड्या त्या पाण्यात होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून आजही बाजारात फिरतात. शिवाय नरेंद्रनगरच्या पुलाखाली दर पावसाळ्यात एखादी गाडी अडकतेच.

चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या फुटभर पट्ट्यावर मातीची रेघ किंवा कडकपणा असेल तर संशय पक्का. मग पुढच्या सीटखालचे स्क्रू आणि रेल बघा, एकसारखा तांबूस गंज लागलेला दिसेल. कार्पेटचा कोपरा उचला. स्टेपनी काढून खालची खोलगट जागा बोटाने तपासा, सांध्यांत बारीक गाळ बसलेला असतो. हेडलाइटच्या काचेत आडवी पाणरेषा, स्टिअरिंगखालच्या स्कॅनर सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर, फ्यूज बॉक्सच्या पत्र्यांवर पांढरी भुकटी. गाडीत शिरताच अत्तराचा भपकारा आला तर खिडक्या बंद करून उन्हात वीस मिनिटं ठेवायला सांगा. अत्तर दमतं, कुबट वास वर येतो.

कागदावरही खूण राहते. जुन्या विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा दरवर्षी चढत जातो. तो २०२३ च्या पॉलिसीत ३५ होता आणि पुढच्या वर्षी एकदम शून्य, म्हणजे मधे बहुधा दावा झाला. कशाचा, ते विचारा. ‘बंपर घासला होता’ हे उत्तर मिळालं तर सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ ची नोंद शोधा.

बुडालेल्या गाडीची वायरिंग लगेच मरत नाही. वर्षा-दीड वर्षाने जोड सडतात, मग कधी पॉवर विंडो बंद, कधी एअरबॅगचा दिवा, कधी चालता चालता इंजिन बंद. अशी गाडी निम्म्या भावातही घेऊ नका.

नागपूरच्या उन्हासाठी वेगळं काय तपासायचं?

गाडी दोनदा बघा. एकदा सकाळी सातला, थंड इंजिनावर. दुसऱ्यांदा दुपारी दोनला. नवतप्याच्या दिवसांत योग आला तर फारच छान.

दुपारच्या फेरीत एसी पूर्ण गार, पंखा तिसऱ्यावर, आतली हवा फिरवणारं बटण दाबलेलं, आणि एक स्वस्त डिजिटल थर्मामीटर मधल्या झरोक्यात. बाहेर ४३-४४ अंश असताना धावत्या गाडीत दहा-पंधरा मिनिटांत १२ अंशांच्या आसपास उतरला तर एसी ठणठणीत. मग सिग्नलला उभे राहा. उभ्या गाडीत हवा कोमट व्हायला लागली आणि चालू लागताच पुन्हा गार, तर दोष बहुधा कंडेन्सर चोंदल्याचा किंवा रेडिएटरचा पंखा मंद झाल्याचा. दोन्ही सुटतात. कॉम्प्रेसरमधून ‘घर्र’ आवाज असेल तर १५-२० हजार धरा. ‘फक्त गॅस भरायचा आहे’ हे वाक्य ऐकलं की समजा गळती आहे. बंद नळीतला गॅस असाच संपत नाही.

कूलंटची बाटली बघा. रंग हिरवा, निळा किंवा गुलाबी हवा. तपकिरी, गढूळ पाणी असेल तर मालकाने बोअरचं पाणी भरलेलं आहे. त्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात गाडी तापते. तापलेल्या गाडीचं पुढचं दुखणं हेड गॅस्केट. (गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. तोंड भाजतं.)

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इथल्या उन्हात उभ्या गाडीचे टायरही पाच-सहा वर्षांत कडक होतात, नक्षी शिल्लक असली तरी कडेला केसासारख्या भेगा दिसतात. अशा टायरांवर समृद्धी महामार्गावर १०० च्या पुढे जाणं म्हणजे मरणाला आमंत्रण. बॅटरीही इथे तीन वर्षांत थकते. झाकणावरची तारीख वाचा.

इंजिन थंड असताना काय बघायचं?

गेल्या गेल्या बोनेटला हात लावा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती. नम्रपणे दुसऱ्या दिवशी येतो म्हणा.

ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, बघा. पातळी दोन खुणांच्या मधे हवी. रंग काळा असेल तर घाबरू नका, पण बोटावर खरखर नको. ऑइलच्या झाकणाखाली दुधी चिकट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये मिसळतंय. आता चालू करायला सांगा, तुम्ही मागे सायलेन्सरजवळ थांबा. पहिल्या झटक्याला निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. पांढरा धूर थंडीत दोन मिनिटं येतो, तो वाफेचा. गरम झाल्यावरही येत राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि तुमचं ॲव्हरेज तिथूनच निघून चाललंय.

सुरुवातीला आरपीएम चढतो आणि दोन-तीन मिनिटांत साधारण ७०० ते ८५० वर स्थिरावतो. तो हलत राहिला तर थ्रॉटल बॉडी घाण, प्लग किंवा कॉइल. पाचशे-हजार रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर जवळ ठेवा. त्याने दोषाचा एकही कोड नाही दाखवला म्हणून खूश होऊ नका. ‘रेडिनेस’ मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते सांगणारे) अपूर्ण दाखवत असतील तर कोड बहुधा नुकतेच पुसलेले आहेत. इंधनाचा दीर्घकालीन ट्रिम (गाडीचा संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवा. मोठी अधिक संख्या म्हणजे कुठून तरी जादा हवा ओढली जातेय किंवा पेट्रोल कमी पोचतंय.

चालवून बघायचा रस्ता कोणता?

गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही. किमान १२-१५ किलोमीटर चालवा. त्यात एक सिमेंट रस्ता, एक उड्डाणपूल, एक खराब पॅच आणि एक मोकळा रस्ता असावा. सिमेंट रस्त्यावर टायर आणि व्हील बेअरिंगचा आवाज उघडा पडतो. ‘हूं’ असा आवाज वेगाबरोबर चढत गेला आणि गाडी डावीकडे झुकवल्यावर बदलला तर बेअरिंग. पुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ३५ च्या वेगाला एकदम एक्सलेटर दाबा. आरपीएम चढला पण गाडी चढली नाही तर क्लच घसरतोय. मोकळ्या रस्त्यावर मागे गाडी नाही बघून स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल करा, गाडी सरळ जायला हवी. ब्रेक मारताना पॅडल धडधडलं तर डिस्क वाकलेली.

एएमटी (क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी) असेल तर चढावर ब्रेक सोडून बघा, दोन सेकंद धरते की लगेच मागे येते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हलका थांबा हा तिचा स्वभाव आहे, पण झटका बसला किंवा गिअरचा आकडा लुकलुकला तर क्लच किंवा ॲक्चुएटर. तिथे खर्च मोठा.

अपघात झालेली आहे का, हे कसं कळेल?

बंपर आणि दरवाजे रंगवलेले असणं यात काही विशेष नाही. नागपूरच्या रहदारीत पाच वर्षांची गाडी न घासता राहिली तर तिचं कौतुकच. काळजी आहे ती हाडांची. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे ॲप्रन (इंजिनाच्या कडेचे आतले पत्रे) बघा, कंपनीचे वेल्डचे गोल ठिपके एका अंतरावर असतात. हाताने केलेलं वेल्डिंग ओबडधोबड दिसतं. दरवाजांची रबरं ओढून पिलरचे ठिपके बघा, डिक्कीतली गालिचाखालची जमीन बघा. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का तेही. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, दुसऱ्यांदा मारलेला २०० च्या वर, आणि पुट्टी असेल तर ५०० च्या पुढे.

मीटर मागे फिरवलेला ओळखता येतो का?

पुष्कळदा. ३५ हजार किलोमीटरच्या गाडीत क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर गुळगुळीत नसतं आणि स्टिअरिंगचं कातडं चकाकत नाही. गाडीचे मूळ टायर कधीच गेले आहेत पण मीटर ३० हजार सांगतोय, हे जुळत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन नोंदी काढून घ्या. पीयूसी आणि विम्याच्या जुन्या कागदांवरही कधी किलोमीटर लिहिलेले असतात.

टॅक्सी म्हणून धावलेली गाडी रंगवून, नंबर बदलून येते. डॅशबोर्डला मीटर अडकवल्याची भोकं, वेगमर्यादा यंत्राची तुटलेली वायर, मागच्या सीटची जास्त झीज. ‘डॉक्टरसाहेबांची गाडी’ म्हणून दाखवतात, पण मागची सीटच जास्त बसलेली असते!

एमएच-४९ किंवा एमएच-४० ची गाडी एमएच-३१ वाल्याने घेतली तर?

एमएच-३१ नागपूर शहर, ४९ पूर्व नागपूर, ४० नागपूर ग्रामीण. यातली कुठलीही घ्या. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही आणि कर पुन्हा भरावा लागत नाही. वर्धा, भंडारा, अमरावतीच्या गाड्याही तशाच.

छिंदवाडा, सिवनी किंवा रायपूरची गाडी मात्र वेगळी. फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा कर, नवा नंबर, एवढं सगळं लागतं. दिल्लीच्या डीएल नंबरच्या गाड्या स्वस्त असण्याचं कारण तिथले जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध. एनओसी आणि कर मिळवून ती स्वस्ताई फार उरत नाही. कमी भावाची गाडी बघायला जाण्याआधीच कर किती बसेल ते आरटीओच्या जाणकाराकडून काढून घ्या.

कागद कोणते आणि कधी?

आधी परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. कितवा मालक आहे, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा दिसतो. ई-चलानही तिथेच तपासा. नागपुरातल्या चौकांतल्या कॅमेऱ्यांनी कित्येकांच्या नावावर न कळत हजारो रुपये चढवलेले असतात. बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, दोन प्रती. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसवलेली आहे का बघा, नाहीतर हस्तांतरण अडू शकतं.

विक्रीच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, मूळ आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही चाव्या, आणि तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट. ती वेळ महत्त्वाची. त्यानंतरची चलानं तुमची, आधीची त्याची. दोन लाख किंवा जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात चालत नाही, त्यामुळे बँकेतून द्या. घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणासाठी अर्ज करायचा असतो. सरकारी फी काही शेकड्यांत असते, एजंटची हजारांत.

विकणाऱ्यालाही सांगा, त्याच्याच भल्यासाठी: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की आरटीओत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. अपघात झाला तर भरपाईचं ओझं त्याच्यावर.

विमा आपोआप आपल्या नावावर होतो का?

तृतीय पक्षाचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नाव बदलून घ्या. नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान भरून मिळताना वाद होतो. नो क्लेम बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नाही. जुना मालक तो घेऊन जातो, त्यामुळे तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. १,००० सीसीपर्यंतच्या गाडीचा तृतीय पक्ष हप्ता वर्षाला २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीचा ३,४१६ रुपये, जून २०२२ पासून ठरलेला, जीएसटी वेगळा. पूर्ण विम्याचं कोटेशन व्यवहाराआधीच काढा.

बारा-तेरा वर्षांची गाडी एक लाखात मिळतेय. घ्यावी?

शिकायला घेत असाल तर हो. पण १५ वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, त्याची ५,००० रुपये केंद्रीय फी, तपासणी आणि पर्यावरण कर एकदम उभे राहतात. बारा वर्षांच्या गाडीला हा दिवस तीन वर्षांवर आहे, आणि तिची पुनर्विक्रीही तेव्हाच संपते.

भाव कसा करायचा?

दसरा, दिवाळी आणि पाडव्याच्या आधी विकणारा अडून बसतो. जानेवारीत गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते, म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर मवाळ असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्याच हजारो रुपयांनी उतरल्या. म्हणून जुन्या किमतीवरून ठरवलेला भाव मान्य करू नका, आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीपासून मोजत खाली या.

आणि बघितलेल्या दोषांची यादी कागदावर लिहून, प्रत्येकासमोर रक्कम टाकून समोर ठेवा. ‘टायर १४ हजार, क्लच ७ हजार, एसी ४ हजार’ असं लिहिलेलं असलं की घासाघीस आवाज न चढवता होते. टोकन पाच हजारांपेक्षा जास्त देऊ नका, तेही पावतीवर ‘कागद साफ निघाले नाहीत तर परत’ असं लिहून. न भेटता क्यूआर कोड पाठवणाऱ्याला एक रुपयाही नको, मग तो स्वतःला फौजी म्हणवत असो की आणखी काही.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं?

विकणारा म्हणेल ‘मागच्याच महिन्यात सर्व्हिसिंग केली’. तरीही इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं, ग्रेड मालकाच्या पुस्तिकेत दिलेला. एअर फिल्टर, केबिन फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल आणि कूलंट एकाच दिवशी बदलून घ्या. तो दिवस लिहून ठेवा, म्हणजे पुढचा हिशोब तुमचा स्वतःचा. चाकांचं अलाइनमेंट, टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे. जुन्या मालकाचा फास्टॅग त्याच्याकडून बंद करून घ्या आणि आपला लावा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पान्याची पिशवी डिक्कीत आहे का, हेही त्याच दिवशी बघा. जॅक नसेल तर विकणाऱ्याला फोन करा. बऱ्याचदा तो त्याच्या घरातल्या माळ्यावर पडलेला असतो.